पहिलं की दुसरं

३ मार्च

ढब्बू,

पत्र माझंच आहे. पाकिटावरचं अक्षर बघून घाबरली असशील तर आधी बस, पाणी पी. घरी सगळे ठणठणीत आहेत. कोणी आजारी नाही, कोणाचं काही झालेलं नाही, आणि तुला घरी बोलावण्यासाठीही हे लिहीत नाही. चार वर्षांनी बापाचं पत्र येतं म्हणजे काहीतरी मोठं कारण असणार असं तुला वाटेल. तसं काही नाही. मला एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचंय आणि इथे माझं ऐकायला कोणी तयार नाही.

तुझा पत्ता तुझ्या आईच्या डब्यांच्या फडताळात, कागदाखाली मिळाला. मी शोधत नव्हतो. तुम्ही दोघी दर गुरुवारी दुपारी फोनवर बोलता हेही मला ठाऊक आहे. मी त्या वेळी मुद्दाम दुकानात थांबतो, म्हणजे तिला गच्चीवर जाऊन कुजबुजावं लागत नाही.

तर झालं असं. दुकानात नंबर तपासायचं नवं यंत्र घेतलं. त्याचं माहितीपुस्तक वीतभर जाड आणि सगळं इंग्रजीत. मी म्हटलं, पस्तीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय, मला पुस्तक कशाला हवं. पहिल्याच दिवशी कुठलंतरी बटण दाबलं गेलं आणि एका धडधाकट कारकुनाला यंत्राने जवळजवळ आंधळा ठरवलं. तो बिचारा घाम पुसत घरी गेला. ही गोष्ट तुझ्या आईने चार घरी सांगितली आणि पाचव्या दिवशी माझं नाव इंग्रजीच्या वर्गात घालून आली. दुकानासमोरच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर, दर रविवारी सकाळी. शिकवणाऱ्या बाई तुझ्याहून लहान असतील. वर्गात आम्ही सात जण. माझ्या बाकावर एक बस कंडक्टर आहेत. त्यांना एवढी वर्षं लोकांना ‘पुढे सरका’ सांगायची सवय. उत्तर आलं नाही की ते मलाच कोपराने पुढे सरकवतात.

या रविवारी शब्द होता ‘प्रिफर’. मी लगेच हात वर केला आणि म्हणालो, निवडणे. बाई म्हणाल्या, नाही, निवडणे म्हणजे ‘चूज’. मी म्हटलं, फरक काय? त्या म्हणाल्या, “काका, चूज केलेलं हातात दिसतं. प्रिफर केलेलं मनात असतं, विचारल्याशिवाय कळत नाही. माणसाला एक जास्त आवडतं आणि तो दुसरंच उचलतो, असं होतं की नाही?”

मी म्हटलं, असं वेडगळासारखं माणूस कशाला वागेल? कंडक्टर म्हणाले, मी रोज वागतो, मला बागकाम आवडतं. सगळे हसले, मीही हसलो.

गृहपाठ असा आहे: प्रिफर घालून पाच वाक्यं. चार स्वतःची, पाचवं घरातल्या माणसाचं. म्हणजे त्या माणसाला दोन गोष्टींपैकी कुठली जास्त आवडते ते लिहायचं. माझी चार वाक्यं दहा मिनिटांत झाली. मला कडक चहा जास्त आवडतो, उभट फ्रेमपेक्षा गोल फ्रेम जास्त आवडते, वगैरे. पाचव्याला पेन अडलं. आधी तुझं लिहायला घेतलं, तर मला काही सुचेना. तुला चहा जास्त आवडतो की कॉफी? उन्हाळा की थंडी? मी तुझा बाप आहे आणि मला माहीत नाही.

सांगायचं असेल तर कळव. गृहपाठापुरतंच. नसेल तर मी तुझ्या आईचं लिहितो.

बाबा

१४ मार्च

ढब्बू,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. टपाल उशिरा पोचतं.

तुझ्या आईचं वाक्य लिहायचं ठरवलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. सकाळी नाश्त्याला मी सहज विचारलं, तुला काय जास्त आवडतं? तिने कप खाली ठेवला. “खरंच विचारताय?” म्हणाली. मी म्हटलं, हो, वर्गात हवंय. तर म्हणे, मला दोन दिवस द्या.

तिसऱ्या दिवशी तिने यादीच आणली. वाणसामानाच्या वहीच्या पाठीमागे, दोन्ही बाजूंना. तिला फिका चहा जास्त आवडतो. चौतीस वर्षं ती माझ्यासोबत कडक पितेय, कारण दोन भांडी कोण घासणार. पलंगाची भिंतीकडची बाजू तिला हवी होती. पहिल्याच दिवशी मी तिथे आडवा झालो आणि तेव्हापासून ती दाराकडे झोपते. पंखा मंद हवा. निळे पडदे तिला पहिल्या दिवसापासून बघवत नाहीत. आणि दाढी करताना मी गुणगुणतो त्यापेक्षा तिला नळाचा आवाज जास्त आवडतो. हे शेवटचं लागलं मला.

मी म्हटलं, अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, “तुम्ही विचारायचात, पण उत्तर आधी तयार असायचं. ‘पडदे निळेच घेऊ या ना?’ याला काय सांगणार माणूस?”

त्या दिवशी दुपारी आम्ही पलंग फिरवला. त्याखाली माझी हरवलेली चप्पल निघाली आणि तुझा एक केसांचा चाप. पडदे उतरवले. आता घरात दोन भांड्यांत चहा होतो आणि दुसरं भांडं मी घासतो. तुझी आई इतकी खुशीत आहे की काल तिने शेजारणीलाही तिच्या नवऱ्याला यादी द्यायला सांगितलं. शेजारी माझ्याशी बोलत नाहीत.

यादीतलं एक मात्र तिने तोंडी सांगितलं, ते आता लिहितो. म्हणाली, “मला ढब्बू घरात असलेली आवडते. पण मन मारून घरात असण्यापेक्षा, ती आनंदात तिकडे असलेली मला जास्त आवडते.” मग उठून ती पडद्यांचं कापड मोजायला लागली.

बाईंना मी हे वर्गात सांगितलं. त्या म्हणाल्या, शब्द तुम्हाला बरोबर कळलाय. प्रिफरला समोर दोन गोष्टी लागतात. एकच गोष्ट समोर ठेवली आणि विचारलं, तर तो प्रश्न नव्हे, ती सूचना झाली.

हे ऐकल्यापासून मला चैन नाही. तुझ्या बाबतीत मी कधी दोन गोष्टी ठेवल्या होत्या? तू शाळेत असतानाच मी दुकानाच्या पाटीवर ‘आणि कन्या’ रंगवून घेतलं. चष्म्याच्या अभ्यासक्रमाला तुझं नाव मी घातलं. दुसऱ्या वर्षी तू सोडून आलीस आणि म्हणालीस की बंदरावर काम मिळतंय, जहाजावर माल चढवायच्या यारीवर शिकाऊ म्हणून, तेव्हा मी काय बोललो ते दोघांनाही आठवतंय. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. पत्ता मी शोधत होतो. तीन फडताळं उपसली. आणि तू घरी यायला हवी आहेस मला. तेवढंच हवंय. बाकी सगळं, यंत्र, वर्ग, शब्द, हे लिहायला धीर यावा म्हणून आहे.

बाबा

२ एप्रिल

ढब्बू,

तुझी चिठ्ठी पोचली. दोन ओळींची. यारीच्या केबिनमध्ये बसायची परीक्षा जवळ आली म्हणून बंदराच्या डॉक्टरांनी डोळे तपासले, आणि ‘बाबा, तुम्ही काढलेला नंबर चूक निघाला. दोन्ही डोळ्यांना अर्ध्या नंबराने कमी होता. कागद सोबत आहे.’

बस, एवढंच? चिठ्ठी आल्याचा आनंद झाला, पण मजकूर असा?

हे बघ, माझा नंबर चुकत नाही. या गावात कोणालाही विचार. तुझे डोळे तू सहा वर्षांची असल्यापासून मी तपासलेत, वर्षातून दोनदा, दुकानात गर्दी नसताना, घाई न करता. बंदराचे डॉक्टर दिवसाला शंभर जण तपासत असतील. त्यांच्या तक्त्यावर उजेड नीट पडत नसेल. खोली पुरेशी लांब नसेल. तू थकलेली असशील. मी तुझी सगळी कार्डं काढायला घेतली आहेत आणि एकेक बघून लिहितो. आपल्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचं कार्ड असतं, त्यात पहिलं भिंग बरं की दुसरं, याला त्याने काय उत्तर दिलं तेही लिहिलेलं असतं, हे तुला माहीत आहे. कार्ड खोटं बोलत नाही.

तोपर्यंत नवा चष्मा घालू नकोस.

बाबा

५ एप्रिल

ढब्बू,

नवा चष्मा घाल. आधी घाल, मग पुढे वाच.

कार्डं काढली. चोवीस निघाली. काउंटरवर ओळीने मांडली. दुसऱ्यांच्या कार्डांवर कसं असतं? पहिलं, दुसरं, पहिलं, सारखंच, दुसरं, परत दाखवा. माणूस खुर्चीत बसला की गोंधळतो, मागे-पुढे होतो, तसंच असायला हवं. तुझ्या चोवीसच्या चोवीस कार्डांवर एकच उत्तर आहे. दुसरं. दुसरं. दुसरं. एकदाही पहिलं नाही, एकदाही सारखंच नाही.

तुझ्या आईला दुकानात बोलावलं आणि कार्डं दाखवली. ती हसायलाच लागली. म्हणाली, बसा खुर्चीत. मी बसलो. तिने दोन भिंगं हातात घेतली आणि हुबेहूब माझा आवाज काढला. आधी घाईने, रुक्ष: “हे?” मग थांबून, मऊ, शेवट लांबवून: “की... हे?” म्हणाली, “आता सांगा. सहा वर्षांच्या पोरीने काय म्हणायचं?”

अगं, बाहेरच्या गिऱ्हाइकाशी मी असं कधीच करत नाही. आमच्या धंद्याचा तो पहिला धडा. चांगलं भिंग कधी आधी दाखवायचं, कधी नंतर, आणि आवाज दोन्हींना सारखा ठेवायचा, नाहीतर लोक आपल्याला खूश करायला उत्तर देतात. शिकाऊ मुलांचे मी यावरून कान उपटलेत. आणि स्वतःच्या मुलीला मात्र वर्षातून दोनदा, बारा वर्षं, मीच उत्तर पढवत होतो.

कारणही सांगतो, कारण ते मला त्या वेळीही माहीत होतं. तुझा नंबर वाढलेला मला नको होता. चष्मेवाल्याची पोरगी आणि जाड भिंगं, हे मला सहन होईना. म्हणून हलकं भिंग मी नेहमी दुसरं दाखवायचो. तू माझ्या तोंडाकडे बघायचीस आणि मला हवं ते बोलायचीस. म्हणजे तुझं सगळं बालपण मी अर्ध्या नंबराने पुसट केलं. फळा पुसट, लांबची झाडं पुसट. तू कधी तक्रार केली नाहीस. मला वाटायचं, पोरगी किती गुणी आहे.

मी चुकलो. नंबरात चुकलो, पाटीत चुकलो, आणि दुकान सोडलंस तर या घराचा उंबरा चढू नकोस असं म्हणालो तेव्हा सगळ्यात जास्त चुकलो. ते वाक्य मी परत घेतो. चार वर्षं उशिरा घेतोय, पण पुरतं घेतोय.

पाटी मंगळवारी रंगवून घेतली. ‘आणि कन्या’ नाही आता. रंगाऱ्याने विचारलं, भांडण झालं का? मी म्हटलं, मिटतंय.

आता एक विचारतो. दोन गोष्टी आहेत. कुठली आधी लिहायची हे तुझ्या आईने ठरवलंय, माझा माझ्यावर भरवसा नाही.

पहिलं: मी भिंगांची पेटी घेऊन तिकडे येतो आणि तुझे डोळे नीट तपासतो.

दुसरं: तू सुट्टी काढून इथे येतेस आणि इथे तपासतो.

‘दोन्ही नको’ हेही उत्तर आहे आणि तेही मी कार्डावर लिहीन. खुर्चीतला माणूस काहीही म्हणाला तरी चष्मेवाल्याने रागवायचं नसतं. या ओळी मी चार वेळा लिहून काढल्या, कुठे आवाज चढला-उतरला नाही ना ते बघायला. तुझ्या आईने वाचून पास केल्या.

बाबा

२९ एप्रिल

अगं ऐक,

निघताना तू म्हणालीस, पोचल्याचा फोन करू नका, मलाही एक पत्र हवंय. तर हे घे. चौतीस वर्षांत तुला पहिलंच लिहितोय. ‘प्रिय’ लिहिणार होतो, पण तू हसशील म्हणून राहू दिलं. तरी वरती आहे असं समज.

ढब्बूच्या चिठ्ठीत एकच शब्द होता, ‘पहिलं’, आणि मी सात तासांच्या प्रवासात ती चिठ्ठी इतक्यांदा काढून वाचली की शेजारच्या बाईंना वाटलं मला पत्ता सापडत नाहीये. त्यांनी आपणहून रस्ता सांगितला.

ती स्टेशनवर आली होती, नारिंगी जाकीट घालून, कामावरून थेट. मी पेटी खाली ठेवली. काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं, ते सगळं गेलं. ती म्हणाली, “बाबा, बारीक झालात.” मी म्हटलं, दुसरं भांडं घासतो ना रोज. मग ती हसली आणि मला मिठी मारली. भर स्टेशनात मी रडलो, ते तुला तिच्याकडून कळेलच, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

खोली चौथ्या मजल्यावर आहे. एक पलंग, एक टेबल, खिडकीतून सगळं बंदर दिसतं. तिने बोट करून आपली यारी दाखवली. एवढ्या उंचीवर, काचेच्या एवढ्याशा खोलीत आपली ढब्बू बसते आणि ट्रकएवढे डबे अलगद उचलून जहाजावर ठेवते. परीक्षा पास झाली गेल्या आठवड्यात. मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाली, वर गेल्यावरच वाटत नाही. पडदे तिने पिवळे लावलेत. चहा फिका पिते, तुझ्यासारखा. हिवाळा तिला जास्त आवडतो. हे सगळं मी विचारलं नाही, ती आपणहून सांगत गेली.

तपासायला खोली आखूड पडली, म्हणून तक्ता बाहेरच्या व्हरांड्यात टांगला. शेजारची एक बाई केस पुसत बाहेर आली आणि वाचायला लागली. मग तिचा नवरा. मग खालच्या मजल्यावरचे. ढब्बूने सगळ्यांना सांगितलं, हे माझे बाबा, सगळ्यात चांगले चष्मेवाले. मला वाटलं थट्टा करतेय, पण नाही. तिच्याआधी मी अकरा जणांचे डोळे तपासले. एका म्हाताऱ्या खलाशाला तर चष्म्याची गरजच नव्हती, बोलायला कोणीतरी हवं होतं.

मग ती बसली. मी फ्रेम तिच्या नाकावर ठेवली. पहिलं भिंग लावलं, दुसरं लावलं, आणि म्हणालो, पहिलं की दुसरं? ती म्हणाली, “बाबा, तुमचा आवाज स्टेशनवरच्या घोषणेसारखा येतोय.” मी म्हटलं, गप्प बस, तक्त्याकडे बघ. ती बघत राहिली. घाई केली नाही. परत दाखवा म्हणाली. मी परत दाखवलं. मग म्हणाली, “पहिलं.”

ते जड भिंग होतं. मी कार्डावर लिहिलं: पहिलं. नंबर अगदी बंदराच्या डॉक्टरांनी काढला तोच निघाला. मी तिला म्हटलं, डॉक्टर बरोबर होते. ती म्हणाली, “मीही होते.” मी म्हटलं, हो, तूही होतीस.

पाटीचंही बोललो. म्हटलं, आता नुसतं माझं नाव आहे, तुझ्यावर कसलं ओझं नाही. तिने विचारलं, उरलेली अक्षरं मध्यावर घेतलीत ना, नाहीतर एका बाजूला ओकंबोकं दिसेल. मी म्हटलं, घेतली. मग म्हणाली, दिवाणखान्यातली खाट अजून आहे का? पावसाळ्यात आठ दिवस रजा मिळते तिला. मी फक्त आहे म्हणालो. पुढे एक शब्द बोललो नाही. तू असतीस तर माझी पाठ थोपटली असतीस.

आता हे शेवटचं, ज्यासाठी सकाळी उठून लिहायला बसलोय. काल जेवण झाल्यावर तिने विचारलं, बाबा, उद्या जाताय की रविवारपर्यंत राहताय? मी लगेच तिच्या तोंडाकडे बघितलं. तिला काय हवंय ते शोधायला. तिला अडचण होतेय का, का मी राहावं असं वाटतंय. भुवया बघितल्या, ओठ बघितले. काही कळेना. पोरीने आवाज असा सपाट ठेवला होता की माझ्या दुकानात ठेवून घ्यावं. आणि अगं, तेव्हा मला कळलं, सहा वर्षांची असताना ती त्या खुर्चीत बसून काय शोधत होती. दर वेळी. माझ्या तोंडावर.

मी म्हटलं, तुला काय सोयीचं? ती म्हणाली, “ते नाही विचारलं. तुम्हाला काय जास्त आवडेल?”

हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही. दुकान वडिलांनी दिलं, खुर्ची त्यांनी दिली, मी बसलो. उत्तर द्यायला मला खूप वेळ लागला. तिने घाई केली नाही, टेबलावर हात ठेवून वाट बघत बसली.

रविवारपर्यंत राहायला आवडेल, असं मी म्हणालो. ती “बरं” म्हणाली, ताटं उचलली आणि मोरीकडे जाऊन शीळ घालायला लागली. शीळ चांगली पंधरा मिनिटं चालू होती.

तुझा
(काय ते तू ठरव)